मैत्री ते भारती ७२०० किमी?? ध्रुवावरचे नकाशे बनवतात तरी कसे

झिरोमाइल_वाला
नमस्कार मंडळी. मी जीआयएसचा (संगणकावर नकाशे बनवायचा) डिप्लोमा करून राहिलो, नागपुरातच. सेमिनारला विषय घेतला अंटार्क्टिकातली आपली स्टेशनं, म्हटलं सोपं काम आहे, दोन ठिपके टाकायचे, एक रेघ ओढायची, कोपऱ्यात पेंग्विनचा फोटो चिकटवायचा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे नेहमीचा वेब नकाशा लावला, मैत्री (७०°४६′ दक्षिण, ११°४४′ पूर्व) आणि भारती (६९°२४′ दक्षिण, ७६°११′ पूर्व) टाकले, मोजायचं टूल घेऊन रेघ ओढली तर ७२०० किमीच्या आसपास येऊन राहिलं! जिकडे तिकडे ३००० लिहून आहे. तेच अक्षांश-रेखांश एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरात टाकले तर २३३०. तीन ठिकाणी तीन उत्तरं, आता पोस्टरवर टाकू कोणतं?

वरून त्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे खाली भिंतीला चुना मारल्यासारखा पांढरा पट्टा दिसते, आणि ८५ अंशाच्या खाली तर नकाशाच संपते, ध्रुव गायब. सरांना विचारलं, सर म्हणाले प्रोजेक्शन पाहा, आणि चहाला गेले.

आणखी एक, तिथे ना झाड, ना खांब, ना कोणाच्या शेताचा धुरा, सगळा बर्फच बर्फ. मग मोजणारा माणूस खूण धरते तरी कशाची? कोणाला माहीत असेल तर जरा नीट समजावून सांगा, लिंका नका देऊ बापा, लिंका मी पण पाहिल्या.

अक्षांश_पुणे
सर म्हणतात ते प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, सॉफ्टवेअरमध्ये ती सीआरएस या नावाखाली दिसते आणि प्रत्येकीला ईपीएसजी क्रमांक असतो. तुमच्या प्रोजेक्टची ईपीएसजी ३८५७ असणार, म्हणजे वेब मर्केटर. त्यात विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकं सगळं ताणलं जातं, ७० अंशावर जवळजवळ तिप्पट. ध्रुव त्यात बसूच शकत नाही कारण मर्केटरमध्ये ध्रुव अनंत अंतरावर जातो, म्हणून वेब नकाशेवाले ८५.०५ अंशाला कात्री लावतात, नकाशा बरोब्बर चौकोनी होतो. मोजायच्या खिडकीत कार्टेशियन (सपाट नकाशावरचं अंतर) आणि एलिप्सॉइडल (पृथ्वीच्या गोलाईवरचं) असे दोन पर्याय दिसतील, तुमचं कार्टेशियनवर असेल म्हणून ७२०० आलं. एलिप्सॉइडल करा, २३३०-४० येईल. किंवा सरळ प्रोजेक्टच ईपीएसजी ३०३१ ला न्या, ध्रुवीय स्टिरिओग्राफिक, ध्रुव मधोमध आणि ७१ दक्षिणवर स्केल बरोबर. तुमची दोन्ही स्टेशनं त्याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे त्यात कार्टेशियन मोजलं तरी पाच-दहा किमीचाच फरक पडेल.

३००० चं म्हणाल तर २३३० ची सरळ रेघ पूर्ण बर्फाच्या पठारावरून जाते. जहाजाला किनाऱ्याला वळसा घालून जावं लागतं, तिथलं अंतर जास्तच भरणार. पोस्टरवर आकड्यापुढे "हवाई अंतर" लिहा म्हणजे कोणी धरणार नाही.

झिरोमाइल_वाला
अरे वा, जमलं ना भाऊ! ३०३१ मध्ये २३३० च्या आसपास आलं. आणि पट्ट्याचा गोल खंड झाला एकदम. धन्यवाद. आता खुणेचं कोणी सांगा.

निवृत्त_मोजणीदार
पोरा, खुणेचा प्रश्न विचारलास ते बरं केलंस, हल्लीची मुलं स्क्रीनवर रेघ ओढली की सर्व्हे झाला समजतात.

तू नाव झिरोमाइल घेतलंयस तर तिथूनच सांगतो. झिरो माइलच्या खांबाशेजारी जो १९०७ चा जीटीएसचा (म्हणजे भारताच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा) दगड आहे ना, तो बेंचमार्क आहे, त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटात कोरलेली आहे, १०२०.१७१. म्हणजे शंभरावर वर्षं तो दगड तिथेच आहे आणि त्याच्या भरवशावर लोक पुढची उंची काढू शकतात. अख्खी त्रिकोणमितीय मोजणी याच विश्वासावर उभी राहिली की टेकडी हलत नाही. ज्यानं ती सुरू केली तो लॅम्बटन १८२३ साली हैदराबादहून नागपूरकडे येताना आपल्या हिंगणघाटला वारला, कबर अजून तिथे आहे, वर्धेकडे गेलास कधी तर पाहून ये, आमच्या धंद्यातलं तीर्थस्थान आहे ते आणि कोणी फिरकत नाही.

आता अंटार्क्टिकात ९८ टक्के जमीन बर्फाखाली. आणि बर्फ वाहतो. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला साधारण १० मीटर सरकतो, त्यामुळे अमुंडसेन-स्कॉट स्टेशनवर ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला उपटून नव्या जागी रोवतात. किनाऱ्याकडच्या बर्फाच्या फळ्या तर वर्षाला शेकडो मीटर, काही त्याहून जोरात. तिथे काठी रोवून आलास आणि पुढच्या वर्षी शोधायला गेलास तर काठी तुझ्या आकड्यावर राहत नाही. म्हणून पक्की खूण पाहिजे तर खडक शोधायचा. बर्फातून वर डोकावणारी डोंगराची टोकं असतात, त्यांना नुनाटाक म्हणतात, किंवा मग शिर्माखेर ओएसिससारखा उघडा खडकाळ पट्टा, जिथे आपली मैत्री आहे. मैत्रीला खडकावर कायमचं जीपीएस बसवलेलं आहे, हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेचं, ते खंड स्वतः किती सरकतो तेही सांगतं.

खूण नसली तर काय होतं त्याचा दाखला ऐक. १९४६-४७ मध्ये अमेरिकन नौदलानं ऑपरेशन हायजंप केलं, विमानातून ७० हजाराच्या आसपास फोटो काढले, केवढा खर्च! आणि घरी आल्यावर कळलं की जमिनीवर नेमका अक्षांश-रेखांश माहीत असलेले बिंदूच जवळपास नाहीत, फोटो ठेवायचे कुठे? पुढच्याच हंगामात ऑपरेशन विंडमिल काढावं लागलं, हेलिकॉप्टरनं माणसं खडकांवर उतरवून सूर्य पाहून जागा ठरवल्या, तेव्हा त्यातल्या काही फोटोंचा नकाशासाठी उपयोग झाला. ग्राउंड कंट्रोल म्हणतात याला आणि ड्रोनवाली पोरं आजही हेच विसरतात, हे मी आमच्या भागात रोज पाहतो.

जीपीएस आहे ना आता, असं म्हणशील. आहे, पण त्याच्या उपग्रहांच्या कक्षा ५५ अंशानं कललेल्या, त्यामुळे ध्रुवावर उभं राहिलं तर एकही उपग्रह डोक्यावर येत नाही, सगळे क्षितिजापासून साधारण ४५ अंशाच्या आतच फिरतात. आडवी जागा चांगली मिळते, उंचीत मात्र मार खातो. वरून तिकडचं आयनोस्फियर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळलेलं असतं, सिग्नल लुकलुकतो. मग एकाच जागी तासन् तास यंत्र चालू ठेवायचं आणि नंतर हिशेब करायचा, इकडे आपण कॉर्स स्टेशनला (जागा पक्की माहीत असलेल्या, कायम चालू जीपीएस केंद्राला) मोबाईल जोडून दोन मिनिटांत पॉइंट घेतो तशी चैन तिकडे नाही.

पांदण_रस्ता_कधी
छान चर्चा चालू आहे, पण मी म्हणतो काहून पाहिजे हे सगळं? आमच्या गावच्या पांदण रस्त्याची मोजणी करा म्हणून पैसे भरून बसलो, मोजणारे येतात, धुऱ्यावर उभे राहतात, पलीकडचा नाही म्हणते आणि परत जातात. इथली मोजणी होऊन नाही राहिली आणि निघाले ध्रुव मोजायले.

निवृत्त_मोजणीदार
तुमचा राग बरोबर आहे, पण तिकडच्या बर्फाला शेजारी नाही हो, तेवढं एक सोपं आहे तिथे.

खारं_पाणी
नागपूरचा माणूस आणि बोटीवर, हसून घ्या एकदा. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, म्हणजे चार्ट (समुद्राचे नकाशे) माझ्याच गळ्यात. काहून पाहिजे विचारलं म्हणून जहाजाच्या बाजूनं सांगतो.

चार्टवर आकडे छापलेले असतात, इथे ४० मीटर, तिथे ५५ मीटर. आपल्या बंदरांजवळ ते आकडे मल्टिबीम सोनारनं (आवाजाच्या लहरींनी तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारं यंत्र) झाडून काढलेले असतात. ध्रुवाकडे कितीतरी चार्टवर आकड्यांची एकच माळ दिसते, म्हणजे कधीतरी कोणतं तरी जहाज तिथून गेलं आणि जाता जाता खोली लिहीत गेलं. त्या माळेच्या डावीकडे-उजवीकडे पांढरं. नवखा माणूस पांढरं म्हणजे मोकळं पाणी समजतो, शिकलेला माणूस पांढरं पाहिलं की घाबरतो. इलेक्ट्रॉनिक चार्टवर हे पाहायची सोय आहे, झेडओसी म्हणून लेयर असतो, सहा चांदण्या म्हणजे उत्तम सर्व्हे, दोन म्हणजे ड दर्जा, रामभरोसे, आणि इंग्रजी यू दिसला तर कोणी तपासलेलंच नाही. तिकडे जिथे चांदण्या कमी तिथे कॅप्टन लोक जुन्याच माळेवरून जहाज नेतात, शॉर्टकट मारत नाहीत.

२०१० च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये क्लिपर अॅडव्हेंचरर नावाचं प्रवासी जहाज पाण्याखालच्या खडकावर चढून बसलं. त्यातली गोम अशी की तो खडक २००७ मध्येच सापडला होता, जहाजांना सूचनाही निघाली होती, पण जहाजावरच्या चार्टवर ती चढवलेली नव्हती. प्रवासी सगळे सुखरूप उतरवले, कोस्ट गार्डचं आइसब्रेकर आलं. आमच्या क्लासमध्ये हे उदाहरण येतंच येतं, मोजणं एक काम आणि मोजलेलं चार्टपर्यंत पोहोचवणं दुसरं.

होकायंत्राचंही ऐका. चुंबकीय होकायंत्र चुंबकीय ध्रुवाजवळ कामातून जातं, कारण तिथे ओढ खाली असते, आडवी नसते. आणि तो ध्रुव एका जागी बसत नाही, उत्तरेचा कॅनडाकडून सैबेरियाकडे वर्षाला ५० किमीच्या वेगानं पळत होता, इतका की जागतिक चुंबकीय मॉडेल दर पाच वर्षांनी बदलतात ते २०१९ च्या फेब्रुवारीत मधेच बदलावं लागलं. दक्षिणेचा तर सध्या खंडावर नाहीच, समुद्रात आहे. मग जायरो (फिरत्या चक्राचं होकायंत्र) वापरा म्हणाल, जायरो पृथ्वीच्या फिरण्यावर चालतो आणि त्याची ताकद अक्षांशाच्या कोसाइननं कमी होते, ७० अंशावर विषुववृत्ताच्या एक तृतीयांश, ८५ च्या पुढे भरवसा नाय. २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू आहे त्यात या सगळ्याची तयारी जहाजावर हवी असं लिहूनच ठेवलंय.

आणि बर्फाचा चार्ट वेगळाच. तो काही दिवसांतच शिळा होतो. त्यावर अंड्याच्या आकारात आकडे असतात, वरचा आकडा पाण्याच्या दहा भागांपैकी किती भाग बर्फ, खाली बर्फ किती जुना-जाड, त्याखाली तुकडे किती मोठे. सकाळी ब्रिजवर गेलं की चहाआधी अंडी वाचायची, असं आमचा एक रशियन चीफ मेट म्हणायचा.

झिरोमाइल_वाला
बापरे. चांदण्यांचं हे पोस्टरवर टाकतोच. बरं अजून एक, मला बेडमॅप नावाचा डेटा भेटला, त्यात बर्फाखालच्या जमिनीची उंची आहे म्हणे. दोन-तीन किलोमीटर बर्फाच्या खाली कोण गेलं मोजायला? बोअर मारले का एवढे?

रिमोट_सेन्सिंग_ताई
बोअर मोजकेच आहेत, त्यातून नकाशा नाही होत. रडार. झालं असं की बर्फावरून उडणाऱ्या विमानांचे रेडिओ अल्टिमीटर भलतीच उंची दाखवायचे, कारण थंड बर्फातून रेडिओलहरी आरपार जातात आणि खालच्या खडकावर आपटून परत येतात. तोच दोष पुढे पद्धत झाला. विमानाला अँटेना लावायच्या, लहर सोडायची, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. बर्फात लहरीचा वेग सेकंदाच्या दहालाखाव्या भागात साधारण १६८ मीटर, म्हणजे ३ किमी बर्फ असेल तर जाऊन यायला ३६ मायक्रोसेकंद. पडद्यावर बर्फाचा वरचा पृष्ठभाग, मधले थर आणि खाली खडकाची वेडीवाकडी रेघ दिसते, पाहायला फार देखणं असतं, आणि जिथे खाली पाणी आहे तिथे रेघ एकदम सपाट आणि चकचकीत. बर्फाखालचं व्होस्टोक सरोवर वगैरे असंच ओळखू आलं.

पण दादा, हे विमान ज्या रेघेवरून उडालं तेवढ्यापुरतंच मोजलेलं असतं. दोन रेघांमधलं भरून काढलेलं. बेडमॅप पहिला २००१ चा, दुसरा २०१३, तिसरा २०२५, दर वेळी रेघा वाढल्या आणि नकाशा बदलला. २०१९ च्या बेडमशीन या तशाच दुसऱ्या नकाशात वेगळी युक्ती केली, बर्फ वर किती वेगानं वाहतो ते उपग्रहानं माहीत असतं, मग तेवढा बर्फ जायला खाली किती खोल जागा लागेल याचा हिशेब मांडला, त्यात डेनमन हिमनदीच्या खाली समुद्रसपाटीच्याही ३५०० मीटर खाली जाणारी दरी निघाली. आधीच्या नकाशात ती एवढी खोल नव्हतीच. तेव्हा डेटा उतरवलास की सोबत त्रुटीचा थर येतो तोही उघडून पाहा, नुसती रंगीत टेकडी पाहून खूश होऊ नको.

बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाची उंची पाहिजे तर रेमा नावाचा डेटा घे. जोडीजोडीनं घेतलेल्या उपग्रह फोटोंवरून बनवलंय, २०१८ मध्ये ८ मीटरचं आलं, आता २ मीटरचंही आहे. एक गोम, त्यातली उंची डब्ल्यूजीएस ८४ एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) आहे, समुद्रसपाटीपासूनची नाही. जिओइडचा (खऱ्या समुद्रसपाटीच्या आकाराचा) फरक न काढता दुसऱ्या उंचीशी जोडलीस तर कित्येक मीटरचा गोंधळ होतो आणि मग लोक म्हणतात समुद्र टेकडीवर चढला.

लेसरनं मोजणारा आइससॅट-२ उपग्रह आहे, २०१८ चा, सेकंदाला १० हजार हिरवे झटके मारतो, पण तोही ८८ अंशापर्यंतच जातो, अगदी ध्रुवाभोवती भोक राहतं. त्याच्या कक्षा ८८ वर एकमेकींना सगळ्यात दाट छेदतात म्हणून त्याचे आकडे तपासायला नासाची माणसं बर्फावरच्या गाड्यांना जीपीएस लावून तिथे ७५० किमी फिरली, म्हणजे शेवटी माणूस खाली लागतोच, काका म्हणतात ते खरंय. आणि आपला निसार उपग्रह, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला, इस्रो आणि नासाचा, तो रडार डावीकडे पाहतो त्यामुळे दक्षिण ध्रुवाकडचा भाग जास्त सापडतो, दर १२ दिवसांनी तीच जागा, बर्फ किती सरकला ते कळायला एकदम कामाचा. ढग असो की सहा महिन्यांची रात्र असो, रडारला फरक पडत नाही.

@पांदण_रस्ता_कधी, तुमचं उत्तर यातच आहे. बर्फ किती आहे हे वरची उंची वजा खालची उंची केल्याशिवाय कळत नाही. अंटार्क्टिकातला सगळा वितळला तर जगभर समुद्र ५८ मीटरच्या आसपास वर येईल असं जे सांगतात तो आकडा या रेघांमधूनच आलाय. सगळा काही उद्या वितळत नाही, आणि नागपूर ३१० मीटरवर आहे, तुमच्या शेतात खारं पाणी येणार नाही. पण थोडासाच गेला तरी मुंबईचं काय होईल ते खालचा खडक कुठे उताराचा आणि कुठे समुद्राखाली आहे यावर ठरतं.

पांदण_रस्ता_कधी
बरं ताई, हे समजलं. मुंबईवाले आमच्याकडे राहायले आले तर पांदण तरी मोकळी होईल.

अक्षांश_पुणे
एक गंमत टाकतो. अंटार्क्टिकात एलिफंट सीलच्या डोक्यावर सेन्सर चिकटवतात, समुद्राचं तापमान मोजायला. २०२३ मध्ये काही लोकांनी त्यांच्या डुबक्यांची खोली चार्टशी ताडून पाहिली, तर कितीतरी ठिकाणी सील चार्टवरच्या तळाच्याही खाली गेलेले! तळ तिथे नव्हताच, खरा तळ खूप खाली होता. व्हिन्सेन्स उपसागरात तर २००० मीटरपेक्षा खोल दरी निघाली, मग जहाजानं जाऊन खात्री केली.

आणि उलटही होतं. २०२१ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तरेला जगातलं सगळ्यात उत्तरेचं बेट सापडलं म्हणून बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी लोक मोजायला गेले, तर ते दगडगोटे वाहून आणलेले बसके हिमनगच निघाले.

झिरोमाइल_वाला
सील सर्वेअर 😂 पोस्टरवर पेंग्विनच्या जागी आता सीलचा फोटो.

शेवटचा प्रश्न, किनाऱ्याचे दोन लेयर भेटले, दोन्ही अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेसचेच, पण जुळून नाही राहिले. एक समुद्राकडे लय पुढे आहे, दुसरा आत. कोणता खरा?

रिमोट_सेन्सिंग_ताई
दोन्ही खरे, दोन वेगळ्या रेषा आहेत. बाहेरची म्हणजे तरंगत्या बर्फाच्या फळीची कड, आतली ग्राउंडिंग लाइन, जिथे बर्फ जमिनीवरून सुटून तरंगायला लागतो. जहाजवाल्याला बाहेरची पाहिजे, समुद्रपातळीवाल्याला आतली. पण बाहेरची बदलत राहते, २०१७ मध्ये लार्सन सी पासून ५८०० चौरस किमीचा तुकडा एका दमात सुटला, म्हणजे त्याआधीची रेघ लावलीस तर एका छोट्या जिल्ह्याएवढा बर्फ जास्त दाखवशील. लेजंडमध्ये रेषा कोणती आणि कोणत्या साली डेटा अपडेट झालेला, दोन्ही लिही.

निवृत्त_मोजणीदार
आणि उत्तर दिशेचा बाण टाकला असशील तर काढ आधी. ध्रुव मधोमध ठेवलास की उत्तर चारी बाजूंना असते, बाण कुठे दाखवणार? अक्षांश-रेखांशाची जाळी टाक, पुरेसं आहे.

झिरोमाइल_वाला
टाकला होता ना काका, चांगला मोठा, काढतो. स्केलची पट्टी ठेवू का?

निवृत्त_मोजणीदार
ठेव, पण खाली बारीक अक्षरात लिही, ७१ अंश दक्षिणेला लागू. परीक्षक विचारलाच तर तेवढ्यावरच मार्क देऊन टाकेल.